दाराजवळ उभे राहणारे सर

खडी क्रशरच्या कडेला टाकलेलं पाल, हे आमचं घर. वर ताडपत्री, आत चूल, एक पत्र्याची पेटी आणि गोधड्या. काम कंधारकडं निघालं की आम्ही कंधारकडं, मुखेडकडं निघालं की मुखेडकडं, कधी पार लातूर जिल्ह्यात. आबा घणानं दगड फोडायचे, अम्मा टोपल्यानं खडी वाहायची. धूळ एवढी, की भाकरी कितीही झटकून खाल्ली तरी दाताखाली कचकच यायचीच. आम्ही वडार. घरात आमची बोली चालते, ती तेलुगूच्या जवळची. हे लिहिताना मला आता काही वाटत नाही. पण 'आम्ही वडार' एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला कॉलेजात जावं लागलं, आणि तिथं एक लई भित्रा माणूस भेटावा लागला.

त्याच्याआधी बाजाराची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या वर्षी सगळीकडं मोबाईलवर एकच फिरत होतं, की पोरं पळवणारी टोळी आलीये. मी तेव्हा लहान होते. लातूरकडच्या एका गावच्या बाजारात मी बांगड्यांच्या गाड्यापाशी थांबले आणि अम्माचा हात सुटला. ती ओरडत आली, "बिड्डा! इटू रा!" म्हणजे, लेकरा, इकडं ये. मला बांगड्या पाहिजे होत्या, म्हणून मी रडत होते. ती मला दंडाला धरून ओढत होती. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "ही पोरगी कुणाची हाय?"

अम्माला मराठी चांगली येते. पण माणूस लई भ्याला की त्याच्या तोंडात आधी घरची भाषा येते. ती आमच्या बोलीत बोलत सुटली. आणि जितकं बोलली तितकी माणसं जमली. "भाषा बघा की कोणती हाय! इकडची न्हाई ही बाई!" एकानं तिचे केस धरले. एक म्हातारा माझ्यापुढं वाकून म्हणाला, "ही तुझी माय हाय का, सांग." मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. माझं तोंड उघडलंच नाही. आबा आणि क्रशरचा मुकादम धावत आले, म्हणून अम्मा वाचली.

त्या दिवसापासून आबांनी घरात नियम केला, की पालाच्या बाहेर आपली बोली काढायची नाही. अम्मा तर बाजारात मुकीच झाली. वांग्याकडं बोट दाखवायची, भाव ऐकायची, मान हलवायची.

मी शिकले. आश्रमशाळा, मग वसतिगृह, मग नांदेडला कॉलेज. आमच्या अख्ख्या गोतात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही. पण कॉलेजात मी मोजून मापून बोलायचे. जीभ घसरेल म्हणून झोपतानासुद्धा तोंडावर पांघरूण घ्यायचे, झोपेत बडबडले तर खोलीतल्या पोरींना कळेल म्हणून.

आम्हाला भूगोल शिकवायला जे सर होते, ते जगातल्या सगळ्या गोष्टींना भ्यायचे. सायकलला दोन कुलपं. पावसाळा नसला तरी छत्री. एसटीत चढले की आधी "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग" कुठं लिहिलंय ते शोधायचे, मगच त्याच्या शेजारची सीट धरायचे. घरापासून कॉलेजपर्यंतच्या सगळ्या कुत्र्यांना बिस्किटं टाकायचे. प्रेमानं नाही. "ओळख करून ठेवलेली बरी," म्हणायचे. आणि सगळ्यांना अहो-जाहो. विद्यार्थ्यांना, शिपायाला, कुत्र्यालासुद्धा. "अहो, सरका जरा, मला जाऊ द्या," असं एका लुत भरलेल्या कुत्र्याला हात जोडून म्हणताना मी त्यांना स्वतः पाहिलंय.

पोरं हसायची. सरांना त्याचं काही नव्हतं. वर्गातच सांगायचे, "मी भित्रा माणूस हाय. त्यात लाजायसारखं काय हाय? भीती वाटणाऱ्यालाच दार कुठं हाय ते माहीत असतंय."

असा हा माणूस दर शनिवारी दुपारी भूगोलाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा. आपल्याकडचे हिंदी-मराठी नाही. कन्नड, तेलुगू, पंजाबी, बंगाली, एकदा गोंडीतला. सगळे असेच, की कुणीतरी आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात गेलंय आणि तिथं आपलं होऊ बघतंय. खिडक्यांना सतरंज्या लावायच्या. फक्त एका खिडकीची सतरंजी सर सैल ठेवायचे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी त्यांचं भाषण ठरलेलं असायचं. "काही झालं तर या खिडकीतून उड्या मारा. त्या खिडकीतून नको, खाली खड्डा हाय." मग स्वतः दाराची कडी काढून बघायचे, लावून बघायचे, पुन्हा काढायचे आणि सिनेमा संपेपर्यंत दाराजवळ उभे राहायचे. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्यांचा खरा विक्षिप्तपणा पडद्याखाली होता. पडदा म्हणजे एक पांढरी चादर. तिच्या खालच्या बाजूला ते एक काळं फडकं बांधायचे. सिनेमात खाली जी इंग्रजी अक्षरं येतात ती त्या फडक्यावर पडायची आणि विझून जायची. कुणी तक्रार केली की म्हणायचे, "ती अक्षरं वाचणारे इथं चार. बाकीचे त्या चौघांच्या तोंडाकडं बघत बसतेत. इथं सगळे सारखे अडाणी बसा." मग तो सिनेमा कळणार कसा? तर ज्याच्या घरी ती भाषा बोलतात असा माणूस सर कुठूनतरी धरून आणायचे आणि त्याला पडद्याशेजारच्या स्टुलावर बसवायचे. तो ऐकायचा आणि आम्हाला मराठीत सांगायचा. सर त्याला 'सांगणार' म्हणायचे. आधी सांगणार शोधायचा, मग त्याच्या भाषेतला सिनेमा, अशी त्यांची रीत. उलटं कधी नाही.

गुरुद्वाऱ्याच्या बाजूला राहणारी एक पंजाबी मावशी आली होती. ती सांगता सांगता स्वतःच रडायला लागायची. मग आम्ही नुसतंच तिचं रडणं बघायचो आणि तेवढ्यावरच आम्हाला कळायचं. इस्लापूरकडचा एक गोंड पोरगा आला. पडद्यावर नवरा-बायको चुलीपाशी कितीतरी वेळ कडाकडा भांडली. सगळा हॉल त्याच्याकडं बघायला लागला. तो म्हणाला, "भांडले."

सर दारातून म्हणाले, "अहो, एवढंच?"

"हाव सर."

"एवढा वेळ बोलत होते की ते!"

"सर, घरातलं भांडण हाय. भाईर कामून सांगायचं?"

हॉल हसून हसून लोळला. मीही हसले. पण आतून मला त्या पोराचा हेवा वाटला, आणि भीतीही वाटली, की हा एवढा उघडा कसा काय बसलाय?

तेलुगूला सांगणारा धर्माबादचा एक पोरगा होता, मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरचा. बोलायला फटाकडा. एका शनिवारी पडद्यावर एक म्हातारी फौजदाराला काहीतरी बोलली आणि मी हसले. मोठ्यानं. दुसऱ्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की हॉलमध्ये मी एकटीच हसतेय. धर्माबादच्या पोरानं अजून तोंडच उघडलं नव्हतं. मग त्यानं सांगितलं आणि सगळे हसले, पण तोपर्यंत मी घामानं भिजले होते. मागं वळून पाहिलं. दाराजवळून सर माझ्याकडं बघत होते.

सोमवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं आणि हळूच म्हणाले, "काय ओ बाई, तुम्ही लवकर हसता."

"मी न्हाई हसले सर."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मला वाटतं, भ्यालेल्या माणसाला भ्यालेला माणूस लगेच ओळखू येतो. "बरं," ते म्हणाले. "न्हाई हसलात. मी काही विचारलं न्हाई, तुम्ही काही सांगितलं न्हाई. मी पुन्हा तुमच्याकडं बघणारबी न्हाई."

ते जिना उतरून गेले. तरी मी पुढचे दोन शनिवार सिनेमाला गेले नाही. पोरी म्हणायच्या, "चल की गं." मी डोकं दुखतंय म्हणायचे. खरं म्हणजे सिनेमाची ओढ होती. पण परत कुठं जीभ किंवा हसू फसवेल, या भीतीनं खोलीतच बसायचे.

मग ते सगळं झालं.

सरांनी एक तेलुगू सिनेमा लावायचा ठरवला. दगड फोडणारं एक कुटुंब परमुलखात जातं, अशी गोष्ट. ते ऐकल्यावर मला राहवलं नाही. पण त्याच आठवड्यात काही पोरं प्राचार्यांकडं जाऊन आली होती. "आपल्या पोरांना दुसऱ्यांचे पिक्चर कामून दाखवायलेत? बंद करा, न्हाईतर आम्ही करू," असं बोलून गेली, हे शनिवारच्या आतच सगळ्या कॉलेजला माहीत झालं. प्राचार्य सरांना म्हणाले, "दाखवायचं तर दाखवा, जबाबदारी तुमची."

शनिवारी सर आले तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पाणी प्यायला ग्लास उचलला तर अर्धं पाणी शर्टावर सांडलं. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "आज धोका हाय. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं, मी नाव ठेवणार न्हाई. मीच गेलो असतो, पण चावी माझ्याकडं हाय."

कुणी हसलं नाही. काहीजण उठून गेले. धर्माबादच्या पोराचा फोन आला. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय घरच्यांचं. तुमच्या जागी मी असतो तर मीबी आलो नसतो." फोन ठेवून त्यांनी हॉलला विचारलं, "इथं कुणाला तेलुगू येती का?" विचारताना त्यांनी खिडकीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. माझ्या बाजूला मान वळवली नाही. मी बाकाच्या फळीला घट्ट धरून बसले होते.

कुणीतरी म्हणालं, "सर, मग फडकं काढा की. अक्षरं तरी वाचू."

इथं सरांचा हट्ट आडवा आला. "न्हाई. आज बिनसांगणाराचा बघू. माणसाचं तोंड बघितलं की सगळं कळतंय."

त्या एका गोष्टीत सर चुकले.

सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळानं दार ढकलून ती पोरं आत आली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. सर दाराजवळून हलले नाहीत, पण त्यांचा श्वास मला माझ्या जागेवर ऐकू येत होता. मागून आवाज सुरू झाले. "यंडूगुंडू, यंडूगुंडू!" पडद्यावर कुणी बोललं की यंडूगुंडू. पुढच्या बाकांवरचेही हळूहळू हसायला लागले. भीतीनं हसत होते की खरंच, कुणास ठाऊक.

आणि पडद्यावर बाजार आला.

एक बाई. डोक्याला फडकं, हातावर खडीचे ओरखडे, अम्माच्या असतात तसे. तिची लेक गर्दीत सुटते. ती हाका मारत धावते, लेकीला धरते, लेक रडते, बाई तिला ओढते. मग माणसं जमतात. बाई घाबरून बोलत सुटते. ती काय बोलते ते सगळ्या हॉलमध्ये फक्त मला कळत होतं.

माझ्या मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, "ही पोरं पळवणारी दिसती गं."

"हाव. बघ की कसं ओढायली."

ते हॉलभर पसरलं. पोरं पळवणारी हाय. ते लेकरू तिचं न्हाई. चांगली शिकणारी पोरं-पोरी ही, माझ्याच वर्गातली, ज्यांच्या डब्यातलं मी खाल्लं होतं. कुणीही वाईट नव्हतं. फक्त त्यांना कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हटल्यावर त्यांनी बाजारातल्या त्या माणसांनी ठरवलं होतं तेच ठरवलं. मागच्या भिंतीवरून एकजण ओरडला, "हाणा तिला!" आणि पुढून टाळ्या पडल्या.

सर पडद्याकडं धावले. काळं फडकं सोडायला लागले. गाठ सुटेना. त्या धांदलीत स्टूल पडलं. त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठले नसते, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

मी उठले. स्टूल उभं केलं, पण बसले नाही, त्याला धरून उभी राहिले.

"ती म्हणायली, ही माझी लेक हाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "ही माझीच लेक हाय. ती म्हणायली, हिला विचारा. ती लहान हाय, ती भ्यालीये म्हणून बोलंना. मला मारा पण तिच्यासमोर मारू नका, असं म्हणायली ती."

टाळ्या थांबल्या.

मागून त्या पोरांतल्या एकानं विचारलं, "ए, तुला कसं काय कळतंय गं?"

मला दार दिसलं. सैल सतरंजीची खिडकी दिसली. पळायला दोन्ही जागा होत्या. मी म्हणाले, "आमच्या घरी हेच बोलतात. मी वडाराची हाय."

पुढं काय होईल ते मला माहीत नव्हतं. पडद्यावर एक म्हातारा त्या लेकीपुढं वाकला आणि काहीतरी बोलला. लेक गप्प. बाई ओरडली. तेवढ्यात ज्यानं विचारलं होतं त्याच पोराचा आवाज आला, आता वेगळा. "आता काय म्हणायली ती?"

"ती म्हणायली, बोल गं बिड्डा, बोल."

"मग? बोलती का पोरगी?"

"बघा की," मी म्हणाले.

शेवटपर्यंत मी सांगत राहिले. ती पोरं भिंतीला टेकलेलीच होती, पण यंडूगुंडू पुन्हा कुणी म्हटलं नाही. सिनेमा संपल्यावर निघून गेली. चांगली झाली असं मी म्हणत नाही. पुढंही त्यांनी दोनदा कॉलेजात गोंधळ घातला. पण त्या दुपारी त्यांनी पूर्ण सिनेमा पाहिला, हे खरं.

सरांनी शाबासकी दिली नाही. मोकळ्या हॉलमध्ये ते पहिल्यांदाच एका बाकावर बसले. मग म्हणाले, "मी लहान असताना उदगीरला एकदा दंग्याची हूल उठली. आमचं किराणा दुकान. बापानं शटर ओढलं आणि आम्ही सगळे आत अंधारात बसलो. आमच्या घरी देवाशी कन्नडमध्ये बोलायचं, गिऱ्हाइकाशी उर्दूत, भांडायचं मराठीत. तिन्ही भाषा येत होत्या. पण शटरच्या भाईर काय बोलायलेत ते कळत नव्हतं. आवाज यायचा, शब्द यायचे न्हाईत. सकाळी उघडून बघितलं तर शेजारीच होते. आमच्या दुकानाची राखण करत बसले होते." दाराकडं बघत म्हणाले, "रातभर आम्ही त्यांनाच भ्यालो."

मग उठले, कडी तपासली आणि जाता जाता म्हणाले, "पुढच्या वेळी स्टूल दाराच्या अंगाला घ्या बाई. पळायला बरं."

मी आबांना फोन केला. सगळं सांगितलं. मग आमच्या बोलीत त्यांनी एकच विचारलं, "कुणी मारलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तेव्हा त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

माझी भीती गेली असं कुणाला वाटू नये. कितीतरी दिवस कुणी मागून हाक मारली तरी मी दचकायचे. कॅन्टीनमध्ये एकदोघांनी टोमणे मारले. खोलीतली एक पोरगी मात्र म्हणाली, "मग आम्हाला शिव्या शिकव की." तिला शिकवल्या. आणि पुढं कॉलेज संपेपर्यंत तेलुगू सिनेमाला सांगणार म्हणून मीच स्टुलावर बसले, दर वेळी घाम पुसत. धर्माबादचा पोरगा माझ्या चुका काढायचा. "तसं नसतंय ते," म्हणायचा. मी म्हणायचे, "आमच्याकडं तसंच असतंय. तू ये मग स्टुलावर."

सर आता निवृत्त होऊन उदगीरला असतात. मी एसटीनं कुठं निघाले हे कळलं की त्यांचा फोन येतो. "बाहेर पडायच्या दारापाशी बसलात का?"

मी बी.ए. झाले, भूगोल घेऊन. पुढं बी.एड. केलं. आज मी देगलूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. शाळेत नवीन आलेल्या लेकरांपैकी ज्यांच्या घरी तेलुगू किंवा आमची बोली बोलतात, त्यांना पहिल्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर, मी त्यांच्याच भाषेत नाव विचारते. ती सांगतात.